झारीवालं सरकार

"हे कुणी टाइप केलं?"

गेर्डाबाईंनी कागद माझ्या नाकाच्या इतका जवळ धरला, की तो वाचता येईना, नुसता वास घेता येत होता. सायक्लोस्टाइलच्या ताज्या शाईचा वास. मला तो आवडायचा.

"मी," मी म्हणालो. कौतुक होणार असं वाटून जरा लाजलोसुद्धा.

"आणि हे वर काय आहे?"

वर, कवितेच्या डोक्यावर, बरोब्बर मधोमध मी टाइप केलं होतं : 'चाल : क्र. २१७.'

"ते... तुमच्याकडे वर लिहितात ना ते."

"पाद्रीबुवा!" गेर्डाबाई ओरडल्या. "या इंडियावाल्यानं माझ्या कवितांची भजनं केली! सगळ्याच्या सगळ्या बावीस! प्रत्येकीच्या डोक्यावर दोनशे सतरा!"

पाद्री राउशर्ट खिडकीशी बसून तंबाखू नसलेला पाइप ओढत होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवून वाचला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग अचानक हलायचे थांबले. २१७ हा आकडा त्यांनी तेव्हा नीट पाहिला असावा. पण त्या थांबण्याचा अर्थ कळायला मला अजून दोन तास होते.

ही एकोणीसशे एकोणऐंशीची गोष्ट. ऑक्टोबरमधला शनिवार. पूर्व जर्मनीतलं एक लहानसं गाव, आणि गावातल्या चर्चच्या बाजूची खोली, जिथे पाद्र्यांचे झगे टांगलेले असत आणि झग्यांच्या खाली सायक्लोस्टाइलचं यंत्र ठेवलेलं असे. मी कराडचा. आमचं घरचं छापखान्याचं दुकान : लग्नपत्रिका, हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या, निवडणूक आलीच तर दोन्ही पक्षांची पत्रकं. छपाईयंत्रांचं शिक्षण घ्यायला मला सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडे पाठवलं होतं. दोन सरकारांची मैत्री होती, तिच्यापायी मी रोज आठ तास कारखान्यात बोल्ट आवळत होतो.

चर्चमधे मी कसा पोचलो? यंत्र बिघडलं म्हणून. त्या देशात चर्च बंद केलेलं नव्हतं, पण चर्चचं यंत्र दुरुस्त करायला जाणाऱ्याचं नाव कुणीतरी वहीत लिहून घेत असे. म्हणून गावातला एकही मेकॅनिक तिकडे फिरकत नव्हता. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी गेलो, रोलर साफ केला, स्प्रिंग बदलली आणि पाद्रीणबाईंच्या हातचा केक खाल्ला. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. केक बरा होता.

गेर्डा वोलनित्स त्या चर्चच्या दफनभूमीत माळीकाम करत. वय एक्कावन्न. हातात झारी, डोक्याला रुमाल, तोंडात कायम काहीतरी चरचरीत. त्या मोठ्या कवयित्री आहेत हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. त्यांनी कुठल्याशा निवेदनावर सही करायचं नाकारलं होतं, तेव्हापासून त्यांची एक ओळ कुठे छापून आली नव्हती. नोकरीही कुणी देईना. मेलेल्यांची हरकत नव्हती, म्हणून चर्चनं त्यांना दफनभूमीत ठेवून घेतलं. गंमत अशी, की बाई कट्टर नास्तिक. रविवारी सगळे आत प्रार्थना करत, तेव्हा या बाहेर मुद्दाम जोरात पानं झाडत.

त्या कोबी फार छान लावत. दफनभूमीच्या कोपऱ्यात एका चौकोनात कोबीचे वीसेक गड्डे कायम असत, आणि माझ्यासकट सगळे तो कोबी खात. दफनभूमीतला कोबी खातो हे आमच्या घरी कळतं तर मला गोमूत्रानं अंघोळ घातली असती. म्हणून मी पत्रात 'भाज्या ताज्या मिळतात' एवढंच लिहीत असे.

आणि सायक्लोस्टाइलचा मुद्दा असा, की त्या देशात चार ओळी छापायच्या तरी सरकारची परवानगी लागे. फक्त चर्चला एक सूट होती. कागदाच्या तळाशी 'केवळ चर्चच्या अंतर्गत उपयोगासाठी' असं लिहिलं, तर स्वतःपुरत्या काही प्रती काढता येत. प्रार्थना, भजनं, सहलीची सूचना. पाद्री राउशर्टनी ठरवलं, की गेर्डाबाईंच्या बावीस कविता या तळटिपेखाली काढायच्या. चाळीस प्रती. अकरा वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं पुस्तक.

स्टेन्सिल कापायचं, म्हणजे मेणकागदावर टाइप करायचं, काम मला दिलं. माझं जर्मन बेताचं, पण कराडला मी कानडीतल्या लग्नपत्रिकासुद्धा जुळवल्या होत्या. अक्षर दिसलं की बसवायचं. पाद्र्यांना शेजारच्या गावी कुणाच्या तरी अंत्यविधीला जायचं होतं. घाईत त्यांनी कपाटातून एक जुना कागद काढून दिला. "मांडणी अशी करा, हेर उपळेकर. आणि ही खालची ओळ प्रत्येक पानावर हवीच हवी. ती विसरलात तर आपण सगळे आत." ('हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'; बायकांना 'फ्राऊ'.)

खालची ओळ हवीच, हे मी लक्षात ठेवलं. वरची नको, असं मात्र कुणी बोललं नाही. आणि वर ओळ होती : 'चाल : क्र. २१७.' आता तुम्हीच सांगा. आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका असो, दुकानाचं उद्घाटन असो, की तेराव्याचं निमंत्रण असो, डोक्यावर '॥ श्री ॥' असल्याशिवाय वडील मशीनला हात लावू देत नसत. मी समजलो, हा यांचा श्री. म्हणून बावीसही कवितांवर भक्तिभावानं बसवला.

"दुसरे स्टेन्सिल कापा," गेर्डाबाई म्हणाल्या.

"संपले," मी म्हणालो. "डब्यात चोवीस होते. दोन फाटले. पुढचा डबा मार्चमधे मिळेल."

"मग कात्री द्या."

"गेर्डा," पाद्री म्हणाले, "राहू दे ना. भजनाच्या पुस्तकातल्या चालीचा आकडा टाकला म्हणून कुणी गायला थोडंच लागणारेय?"

"माझ्या कवितेवर तो आकडा राहणार नाही."

एवढ्याशा ओळीवर इतका संताप मला जरा जास्त वाटला. पण कवींचं काही सांगता येत नाही. आमच्या कराडला एक कवी होते, त्यांच्या पत्रिकेत एक उद्गारचिन्ह राहिलं तर त्यांनी वडिलांशी दोन वर्षं अबोला धरला होता. मी मुकाट्यानं कात्री दिली. बाईंनी पहिली प्रत घेतली आणि एकेका पानाचं डोकं उडवायला सुरुवात केली. 'चाल : क्र. २१७' च्या पट्ट्या फरशीवर पडत होत्या. पहिली प्रत पूर्ण झाली, दुसरी हातात घेतली, आणि दारावर टकटक झाली. टकटक करून उत्तराची वाट न बघता आत येणारा माणूस त्या गावात एकच होता.

हेर माइनर्ट. जिल्हा कचेरीत चर्चवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. पन्नाशीचे, नीटनेटके, हातात तपकिरी चामड्याची बॅग. बोलणं अत्यंत सभ्य. माणूस वाईट नव्हता. हे मी आता म्हणतो. तेव्हा वाईट होता.

"नमस्कार, पाद्री राउशर्ट. नमस्कार, फ्राऊ वोलनित्स. आणि हे आपले भारतीय मित्र. कारखान्यात तुमची चौकशी चालली होती, की शनिवारी कुठे जातात."

"केक खायला," मी म्हणालो. खरं होतं.

ते हसले. मग टेबलावरचा गठ्ठा त्यांना दिसला. दिसला कसला, त्यासाठीच ते आले होते. त्यांनी वरची प्रत उचलली. नेमकी डोकी उडवलेली.

उभ्याउभ्याच त्यांनी वाचलं. ती दफनभूमीवरची कविता मला आजही पाठ आहे. मराठीत मीच आणली, त्यामुळे कमीपणा असेल तो माझा :

नाही रांग, नाही झडती,
नको कुठला परवाना;
कुंपणाच्या पलीकडे
जावे कुणाला वाटेना.

किती सुखी प्रजा इथे,
कुणी करीना तक्रार;
झारी घेऊन हिंडते
एकटेच सरकार.

ज्या देशाच्या सरहद्दीवर काटेरी तार होती, आणि तारेचं तोंड आतल्या बाजूला होतं, त्या देशात ही कविता. हेर माइनर्टनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"ही कविता आहे," ते म्हणाले. "फ्राऊ वोलनित्सची कविता. म्हणजे हे पुस्तक झालं. पुस्तकाला परवानगी नाही. म्हणजे गुन्हा." बॅग उघडून त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. तो कागद सगळ्यांच्या ओळखीचा होता. देश सोडून कायमचं पश्चिमेकडे जाण्याचा अर्ज. तिथल्या सरकारला जे कवी नकोसे होत त्यांना अशी कायमची सुट्टी मिळे. माइनर्ट तो याआधी दोनदा घेऊन आले होते आणि दोनदा कोरा परत घेऊन गेले होते.

"या वेळी विनंती नाही," ते हळू म्हणाले. "एक तर ही सही. नाही तर हा गठ्ठा घेऊन मला वर जावं लागेल. मग तुम्ही तुरुंगात, यंत्र जप्त, पाद्र्यांवर खटला आणि हे तरुण गृहस्थ पुढच्या विमानानं घरी. मला यातलं काही आवडत नाही. सही करा आणि मोकळ्या व्हा."

"मी कुठे जाणार नाही," गेर्डाबाई म्हणाल्या. "माझा कोबी लावलाय इथे."

"कोबी तिकडेही होतो."

"हा होत नाही."

मी खाली पाहिलं. फरशीवर पट्ट्या पडल्या होत्या. आणि त्या गठ्ठ्यात उरलेल्या एकोणचाळीस प्रतींची डोकी अजून शाबूत होती. पुढचं मी धैर्यानं बोललो असं सांगायला आवडलं असतं. पण मला विमानाची भीती वाटते, म्हणून बोललो.

"दुसरी प्रत बघा ना," मी म्हणालो.

माइनर्टनी पाहिली. "चाल, क्रमांक दोनशे सतरा," त्यांनी वाचलं. मग पहिली प्रत पाहिली. मग खाली वाकून एक पट्टी उचलली. "हिच्यावर आहे, हिच्यावर नाही. का?"

"ती ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची प्रत आहे," मी म्हणालो. "त्यांना चाल पाठ आहे."

गेर्डाबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, कात्री हातात तशीच. माइनर्ट पाद्र्यांकडे वळले. आणि पंचाईत अशी, की पाद्री राउशर्ट खोटं बोलत नसत. त्या धंद्यात असतात असे काही लोक. पाद्रीणबाई केक बिघडल्यावर 'कसा झालाय' असं त्यांना विचारतसुद्धा नसत.

"पाद्री राउशर्ट. हे भजन आहे का?"

पाद्र्यांनी पाइप तोंडातून काढला. "भजन म्हणजे काय, हेर माइनर्ट? आमच्या पंथाचा पक्का नियम आहे : मंडळी जमून गातात ते भजन. लिहिणाऱ्याचा त्यात संबंध येत नाही."

"लिहिणारी देव मानत नाही. मानता का हो, फ्राऊ वोलनित्स?"

"नाही," गेर्डाबाई ताडकन म्हणाल्या. मी डोळे मिटले.

"बघा. नास्तिक बाईचं भजन!"

"आमच्या भजनांच्या पुस्तकात पाचशे वर्षांतले कवी आहेत," पाद्री शांतपणे म्हणाले. "त्यात दारुडे आहेत, भांडखोर आहेत, लढाईच्या धामधुमीत दोन-दोनदा पंथ बदललेले आहेत. एकेकाची श्रद्धा तपासून घेतली असती, तर ते पुस्तक खिशात मावलं असतं."

"आणि हे झारी घेतलेलं सरकार कोण?"

"बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान, विसावा अध्याय. प्रभू थडग्यातून उठला तेव्हा मारियेनं त्याला ओळखलं नाही. तिला वाटलं, हा माळी आहे." पाद्र्यांनी पाइपात नसलेली तंबाखू दाबली. "तिथे रांग नाही, झडती नाही, हे तर आम्ही दर अंत्यविधीला सांगतोच. आता प्रभूच्या हातातली झारी पाहून जिल्हा कचेरीला आपल्या सरकारची आठवण का यावी, हे मला कळत नाही. पण तसं लेखी दिलंत तर मी जरूर वाचेन."

हे लेखी कोण देणार? पण माइनर्ट मुरलेले होते. झारीतला शुक्राचार्य कसा बसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"छान. फारच छान. मग एकच प्रश्न. तुमची मंडळी हे गातात का? हो किंवा नाही."

पाद्र्यांचा चेहरा उतरला. गात नव्हतेच कुणी. त्यांनी तोंड उघडलं, आणि आता 'नाही' ऐकू येणार हे आम्हा तिघांनाही कळलं.

"गाणार आहेत," दारातून आवाज आला. "चार वाजले. सराव आहे आमचा."

टिल्डेबाई ओस्नर. चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या. शहात्तर वर्षांच्या, खुर्चीवर बसल्या की पाय जमिनीला न लागणाऱ्या, पण ऑर्गनची पायानं दाबायची पट्टी बरोबर शोधणाऱ्या. त्यांच्या मागे कोट काढत भजनी मंडळातल्या सहा म्हाताऱ्या उभ्या होत्या. दारामागे किती वेळ उभ्या होत्या देव जाणे. बहुतेक बराच वेळ, कारण त्यांतली एकही कशाचं आश्चर्य करत नव्हती.

"माझी प्रत द्या," टिल्डेबाई म्हणाल्या आणि डोकं उडवलेली प्रत माइनर्टच्या हातातून सरळ काढून घेतली. टेबलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरत त्यांनी एक कडवं मनात म्हटलं. मग दुसरं. मग बोटं थांबवून त्यांनी गेर्डाबाईंकडे पाहिलं. "बसतंय," त्या म्हणाल्या. "बरोब्बर बसतंय गं."

"दुसरी कुठलीही चाल लावा," गेर्डाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दोनशे सतरा नाही."

"कागदावर दोनशे सतरा आहे," माइनर्ट म्हणाले. त्यांना फट सापडली होती. "तीच गा. नाही तर कागद खोटा."

"नाही," गेर्डाबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा अर्ज पाहिला. मग पेन पाहिलं. आणि मला क्षणभर वाटलं, बाई सही करणार. त्या आकड्यापेक्षा यांना देश सोडणं सोपं जातंय, हे काय गौडबंगाल?

"राउशर्ट, चूक तुमची," टिल्डेबाई म्हणाल्या. "तो कागद तुम्ही दिलात या पोराला?"

"घाईत हाताला लागला," पाद्री पुटपुटले. "मागच्या वर्षीचा. गेर्डानं सभा होऊ दिली नाही, तो गठ्ठा तसाच पडून होता."

"कसली सभा?" माइनर्टनी विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

टिल्डेबाई खुर्चीवर बसल्या. पाय लोंबकळले.

"हिचे वडील याच चर्चचे पाद्री होते. सदतीस साली वरून हुकूम आला, की आधी त्या मिशीवाल्याची शपथ आणि मग देवाची. वोलनित्स म्हणाले, माझ्याकडे एकाच शपथेची जागा आहे. मग त्यांना न्यायला गाडी आली. ही नऊ वर्षांची होती. फाटकाशी आम्ही अकरा बायका उभ्या होतो. कुणी बोलायचं नाही असा हुकूम होता. गायचं नाही असा नव्हता. आम्ही दोनशे सतरा धरलं, ते गाडी वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर या ऑर्गनवर ते वाजलेलं नाही." त्यांनी माइनर्टकडे पाहिलं. "तेव्हाही असाच एकजण आला होता, बॅग घेऊन. टोपी तेवढी वेगळी होती."

माइनर्टचा चेहरा लाल झाला. पहिल्यांदाच त्यांची सभ्यता कुठेतरी राहून गेली.

"मला त्या लोकांत मोजू नका," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनाही त्यांनीच नेलं. त्याच वर्षी. ते पाद्री नव्हते, कम्युनिस्ट होते. त्यांच्यासाठी कुणी गायलं नाही."

"गायलो असतो," टिल्डेबाई म्हणाल्या. "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

मग पाद्री हळूच म्हणाले, "वोलनित्स परत आले नाहीत. कुठे पुरलं तेही कळवलं नाही. त्यांची जागा इथे राखून ठेवली आहे. गेर्डा म्हणते, थडगं सापडत नाही तोवर वडिलांची स्मरणसभा नाही, भजन नाही."

"कुठली जागा?" मी विचारलं. विचारायला नको होतं, कारण विचारता विचारताच मला कळलं. कोपऱ्यातला चौकोन. बेचाळीस वर्षं राखलेला. तीन महिने मी तिथलाच कोबी खात होतो.

माइनर्टनी अर्ज दोन बोटांनी गेर्डाबाईंपुढे सरकवला. हुकूम म्हणून की सुटका म्हणून, ते त्यांनाही ठाऊक नसावं. "फ्राऊ वोलनित्स. सही, की भजन?"

बाईंनी कात्री टेबलावर ठेवली. रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"टिल्डे," त्या म्हणाल्या, "वाजव."

चर्चमधे थंडी होती. ऑर्गनला हवा भरायला मला मागे उभं केलं, त्यामुळे पुढचं मी दांडा वर-खाली करत पाहिलं. सहा म्हाताऱ्यांनी माझ्या हातचे कागद धरले, सातव्या टिल्डेबाई वाजवता वाजवता गात होत्या. चाल संथ होती, पायऱ्या चढल्यासारखी. पहिल्या कडव्याला त्या जरा चाचपडल्या. 'परवाना' शब्द भजनात येण्याची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्याला धीट झाल्या. 'कुणी करीना तक्रार' तर त्यांनी अशा काही सोज्वळ चेहऱ्यानं म्हटलं, की मी दांडा मारायचा विसरलो आणि ऑर्गननं म्हशीसारखा हंबरडा फोडला.

"पुन्हा," टिल्डेबाई ओरडल्या. "पहिल्यापासून!"

पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी त्यात एक आठवा आवाज होता. जाडाभरडा, न वापरलेला. गेर्डाबाई सगळ्यात मागच्या बाकाशी उभ्या होत्या, हात कोटाच्या खिशात. कागद त्यांना लागतच नव्हता. शब्द त्यांचे होते आणि चाल नऊ वर्षांच्या असल्यापासून डोक्यात होती. बाईंनी देव सोडला होता, ठेका सोडता आला नव्हता. बावीस कविता त्याच मापानं उतरल्या होत्या आणि त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. शेवटची ओळ त्या माइनर्टकडे बघत म्हणाल्या. झारी घेऊन हिंडते एकटेच सरकार.

माइनर्ट खांबाशी उभे होते. गाणं संपल्यावर त्यांनी घसा साफ केला. "नोंद करतो," ते म्हणाले. "वस्तू चर्चच्या उपयोगाची असल्याचे आढळले." मग एकदम कचेरीतला आवाज काढून : "पण उपयोगाची आहे म्हणालात, तर उपयोग झाला पाहिजे. दर रविवारी एक. बावीसच्या बावीस. मी तपासायला येईन."

"याल तेव्हा मागे बसू नका," टिल्डेबाई म्हणाल्या. "मागे गार लागतं."

आम्ही बाहेर आलो. माइनर्टनी बॅग बंद केली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की अर्ज टेबलावरच राहिला. ते वळले, तर गेर्डाबाई समोर. त्यांनी कोपऱ्यातल्या चौकोनातून एक गड्डा उपटला होता, मुळाची माती झटकली होती, आणि तो अर्जात नीट गुंडाळला होता. चारी टोकं आत दुमडून, आमच्याकडे वाणी पुडी बांधतो तसा.

"घ्या," त्या म्हणाल्या. "वरची पानं काढून टाका, आणि मंद आचेवर ठेवा."

माइनर्टनी पुडक्याकडे पाहिलं. कोबीच्या हिरव्या पानावर 'कायमचे स्थलांतर' ही अक्षरं ओली होऊन उमटत होती. त्यांनी ते काखेत घेतलं, टोपीला हात लावला, आणि गेले. फाटक त्यांनी स्वतः लावलं.

मला पाच आठवड्यांनी घरी पाठवलं. प्रकृतीच्या कारणास्तव, असं पत्रात होतं. प्रकृती उत्तम होती, पण त्या पत्रावर तीन सह्या होत्या आणि माझ्या तब्येतीवर एकही नव्हती. त्या पाच रविवारी मी चर्चला जात होतो. पहिल्या रविवारी नेहमीचे अकराजण होते. पाचव्या रविवारी बाक संपले आणि मला ऑर्गनच्या मागून चोरून बघावं लागलं. तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला, मांडीवर तपकिरी बॅग.

कराडला परतल्यावर मी पुन्हा लग्नपत्रिका छापू लागलो. पुढे वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवायचं काम मिळालं, ते तीस वर्षं केलं. ऐंशीच्या मे महिन्यात एक पोस्टकार्ड आलं होतं. पाकीट नाही, पोस्टकार्डच. तिकडे पत्र वाचणाऱ्यांचे कष्ट वाचावेत म्हणून समजूतदार माणसं पोस्टकार्डच लिहीत. चार ओळी होत्या :

"बावीस झाली. माइनर्ट एकदाही चुकला नाही. आवाज वाईट आहे, पण शेवटी शेवटी ठेका सांभाळत होता. कोबी यंदा चांगला आलाय. मी इथेच आहे. गेर्डा."

आणि वर, मधोमध, जिथे आपण श्री लिहितो तिथे, बाईंनी एक आकडा टाकला होता.

२१७.